राखीव अंतराळवीराचा परिचय

शिरीष देवपुजारी डब्लिनच्या मराठी मंडळाचा उपाध्यक्ष होता. सलग सहा वर्षं. या सहा वर्षांत तीन अध्यक्ष झाले, पण उपाध्यक्ष काही बदलला नाही, कारण ते काम गळ्यात घ्यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. हॉलची किल्ली आणा, खुर्च्या मांडा, माइकचे सेल बघा, आणि कुणी पाहुणा आला की उभं राहून त्याचा परिचय करून द्या. परिचय झाला की खाली उतरा. पुढचं कौतुक पाहुण्याचं आणि अध्यक्षांचं.

सध्याचा अध्यक्ष विक्रांत. आता हा विक्रांत नुसता मंडळात वर असता तरी चाललं असतं, पण तो ऑफिसातही वरच होता. सँडीफोर्डच्या एका कंपनीत दोघं एकाच टीममध्ये. विक्रांत टीमचा लीड आणि शिरीष त्याच्या हाताखाली नऊ वर्षं नंबर दोन. रोज सकाळी ओंगारहून निघायचं, क्लोन्सिलाला ट्रेन धरायची, गावात उतरून ल्युअस ट्राम पकडायची, दीड तास धक्के खात विक्रांतच्या हाताखाली जाऊन बसायचं आणि रविवारी मंडळात पुन्हा त्याचंच तोंड बघायचं. माणसानं करावं तरी काय!

बरं, हे काही आजचं नव्हतं. नागपूरला शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी शिरीषचं नाव गेलं होतं, राखीव वक्ता म्हणून. भाषण तोंडपाठ, इस्त्रीचा सदरा तयार, आणि मुख्य वक्त्याला साधी शिंकही आली नाही. इंजिनिअरिंगला तो प्रतीक्षायादीत तिसरा होता. वरचे दोघं दुसरीकडे गेले आणि प्रवेश मिळालेल्या एकानं पाय मोडून घेतला, म्हणून याला जागा मिळाली. पुण्याच्या कंपनीनं आयर्लंडला पाठवायचं ठरवलं ते भलत्याच माणसाला. त्याच्या बायकोला दिवस गेले, तो नाही म्हणाला, आणि शिरीष विमानात बसला. एवढंच कशाला, बायकोचं, ज्ञानदाचंसुद्धा आधी दुसरीकडे जमलं होतं. तो मुलगा अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. हे ज्ञानदा हसत हसत चारचौघांत सांगायची. शिरीषही हसायचा, पण ते त्याला आतून लागायचं. कुणीतरी गळाल्याशिवाय आपलं पान हलत नाही, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

आणि मग एके दिवशी ल्युअसमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर त्याला नोरा डेलेनी सापडली.

अमेरिकेची अंतराळवीर, आता निवृत्त. मुलाखत लांबलचक होती आणि ती वाचता वाचता शिरीषचं स्टेशन गेलं. या बाईनं अंतराळवीर व्हायला चार वेळा अर्ज केला होता. तीनदा नकार. चौथ्यांदा घेतली, तेव्हा वय छत्तीस. घेतली म्हणजे लगेच वर पाठवली असं नाही. पुढची अकरा वर्षं ती जमिनीवरच. त्यात दोनदा राखीव. म्हणजे जो जाणार त्याच्याएवढंच सगळं शिकायचं, त्याच्याएवढाच घाम गाळायचा, रशियन भाषा घोकायची, आणि उड्डाणाच्या दिवशी खाली उभं राहून हात हलवायचा. तिसऱ्यांदाही ती राखीवच होती. पण जाणाऱ्या माणसाला ऐन दहा आठवडे आधी मुतखडा निघाला. डॉक्टरांनी त्याला थांबवलं, आणि नोराबाई गेल्या. एकशे एकसष्ट दिवस राहून आल्या.

शिरीषनं त्या दिवशी ऑफिसात पोचायला उशीर केला, विक्रांतची बोलणी खाल्ली, आणि तरी दिवसभर खुशीत होता. जगाच्या पाठीवर आपल्या जातकुळीचं कुणीतरी आहे, आणि ते थेट आकाशात जाऊन आलंय. त्यानं तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं. ओहायोतलं लहानसं गाव, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे वडील, नौदलातलं हेलिकॉप्टर, सगळं. कागदांची फाईल झाली. ती स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे मुलीच्या, रेवाच्या भाषेत प्रेसमध्ये, बाप्पाच्या खालच्या फळीवर राहू लागली. मग एकदा कळलं की बाईंची पणजी इथल्याच किलकेनीकडची, आणि या मे महिन्यात त्या नातलगांना भेटायला येणार आहेत. शिरीषनं धाडस केलं, पत्र लिहिलं. दोन महिने उत्तर नाही. मग दोनच ओळी आल्या: रविवारी तीन ते पाच येईन. पाचला माझा इथला दूरचा भाऊ न्यायला येईल. किलकेनीला जेवायला सगळं गोत जमणार आहे, तेव्हा पाच म्हणजे पाच. मुलांशी बोलायला आवडेल.

झालं. घरात या बातमीनं सगळ्यात जास्त कुणी हरखलं असेल तर ती रेवा.

रेवा बारा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची ते डब्लिनच्या इंग्रजीत. शाळेच्या क्लबात कॅमोगी खेळायची. कॅमोगी म्हणजे इथला मुलींचा काठी-चेंडूचा खेळ, हॉकीपेक्षा दांडगा. ती गोलकीपर होती. खरं म्हणजे राखीव गोलकीपर. पहिली गोलकीपर ईफा. दोन वर्षं रेवा हेल्मेट मांडीवर घेऊन कडेला बसत होती, आणि कार्यक्रमानंतरच्याच रविवारी फायनल होती. शिरीषला हे बघवत नसे. मॅचला गेला की तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहायचा.

मंडळाच्या पद्धतीप्रमाणे मुलांचे प्रश्न आधी चिठ्ठीवर मागवले. रेवानं एकच लिहिला. तो वाचून शिरीषला घाम फुटला. तिनं लिहिलं होतं: तुम्ही राखीव होता तेव्हा, पहिला माणूस आजारी पडावा असं तुम्हाला वाटायचं का?

पाहुण्यांना असं विचारतात का, असं त्यानं तिला परोपरीनं समजावलं. तिकडे जेवता कसं, झोपता कसं, असं काहीतरी विचार म्हणाला. रेवा म्हणाली, ते सगळं यूट्यूबवर आहे. मला फक्त हेच हवंय. तिचा चेहरा असा काही झाला होता की शिरीषनं नाद सोडला. पोरीला काहीतरी खुपतंय एवढं त्याला कळलं, काय खुपतंय ते विचारायचं मात्र राहून गेलं.

कमिटीच्या बैठकीत विक्रांतनं ती चिठ्ठी बाजूला काढलीच. निगेटिव्ह वाटतंय, म्हणाला. आणि इथे शिरीष आयुष्यात पहिल्यांदा अडून बसला. पाहुण्या मी आणल्या, प्रश्न राहील, आणि पहिला राहील. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांची. विक्रांतनं खांदे उडवले आणि कागदावर तसं लिहून घेतलं. घरी येऊन शिरीषनं रेवाला सांगितलं,

"तुझा प्रश्न होणार. माझा शब्द."

रविवार उजाडला. शिरीष अडीचलाच क्लोन्सिलाच्या हॉलवर, सोबत रेवा. पावणेतीनला दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, अंगात साधं जाकीट. शिरीष बघतच राहिला. मंडळाच्या वेळेवर अजून मंडळाचा एकही माणूस आला नव्हता आणि अंतराळवीर हजर! तो गडबडून बसा बसा म्हणाला, तर बसायला खुर्चीच नाही. बाईंनी जाकीट काढलं आणि कोपऱ्यातल्या खुर्च्या उचलून मांडायला सुरुवात केली. शिरीष नको नको म्हणतोय आणि त्या चार चार खुर्च्या एकदम उचलतायत. रेवाही हात लावू लागली. दोघी एकाच रांगेत आल्या. बाईंनी तिला नाव विचारलं, काय खेळतेस विचारलं. रेवानं सांगितलं, एक श्वास घेतला, आणि म्हणाली की मला तुम्हाला एक विचारायचंय.

"आत्ता नाही हं, रेवा," शिरीष लांबूनच म्हणाला. "कार्यक्रमात विचारायचं."

आणि बाईंकडे बघून त्यानं माफी मागितल्यासारखं हसून घेतलं. रेवा मुकाट्यानं पुढची खुर्ची आणायला गेली.

तीनचा कार्यक्रम तीन पंचविसाला सुरू झाला. दीपप्रज्वलन. हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी, म्हणून सेलवरची समई. ती काही पेटेना. एकजण गाडीतून सेल शोधून आणेपर्यंत नोराबाई, विक्रांत आणि अजून चौघं त्या प्लॅस्टिकच्या समईभोवती हात पुढे करून उभे. मग ईशस्तवन. मग स्वागतगीत, तेही तीन कडव्यांचं. मग शाल आणि नारळ. बाईंनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि तो ठेवायचा कुठे ते न कळून मांडीवर धरून बसल्या, शेवटपर्यंत. मग प्रायोजकांचा सत्कार: एक घरकर्जवाला, एक डाळतांदळाचा दुकानदार, एक ज्यानं नुसते पेढे दिले होते तो. त्या प्रत्येकाला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला आणि दोन शब्दांवर कुणीच थांबलं नाही.

मग अध्यक्षीय मनोगत. विक्रांतनं लॅपटॉप उघडला तशी शिरीषच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळाची वाटचाल, पडद्यावर, फोटोंसह. २०१८ ची सहल. २०१९ ची सहल. कोविडमध्ये सहल झाली नाही त्याबद्दल खेद. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. पलीकडे साक्षात आकाशातून आलेली बाई मांडीवर नारळ घेऊन बसलीय आणि हा बटाटेवड्यांच्या स्टॉलचे फोटो दाखवतोय! शिरीषनं घड्याळाकडे बोट केलं, खाकरून बघितलं, अखेर उठून स्टेजच्या कडेला जाऊन उभा राहिला. विक्रांतनं मान हलवली आणि पुढचा फोटो लावला. तिसऱ्या रांगेत रेवा चिठ्ठी मुठीत धरून बसली होती, आणि तिच्याही नजरेसमोर तेच घड्याळ होतं.

चार अडतीसला सूत्रसंचालन करणाऱ्या श्रावणीनं शिरीषचं नाव पुकारलं. जाता जाता ती कानाशी म्हणाली, "दादा, आटोपतं घ्या. चारच मिनिटं."

घेणारच होता तो आटोपतं. मनाशी ठरवून उठला होता. चार पानांमधली पहिली दोन सरळ गाळायची, चौथ्यावरून दोन ओळी, आणि बसायचं. बावीस मिनिटं उरलीयत, त्यातली दहा बाईंची आणि दहा मुलांची.

त्यानं पहिलं वाक्य वाचलं. मंडळाच्या व्यासपीठावर मराठीच, हा नियम, तेव्हा मराठीत. ओहायोतलं गाव, ट्रॅक्टरखाली आडवे झालेले वडील, आणि त्यांच्या हातात पाने-पक्कड देणारी सात वर्षांची मुलगी. आणि काय झालं कोण जाणे, हॉल एकदम शांत झाला. तासभर पेंगलेली माणसं सावरून बसली. मागे वड्यांपाशी उभे असलेले पुढे आले. शिरीषनं मान वर करून बघितलं तर सगळे त्याच्याकडे बघत होते. नऊ वर्षांत ऑफिसात नाही, सहा वर्षांत मंडळात नाही, असं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

मग कसलं आटोपतं घेणं! पहिली दोन पानं तर आलीच, पण कागदावर नव्हतं तेही आलं. नकाराची तीन पत्रं बाईंनी स्वयंपाकघरात लावून ठेवली होती ते. अकरा वर्षं वर गेलेल्यांशी जमिनीवरून रेडिओवर बोलत होत्या ते. पाण्याच्या टाकीत सहा सहा तास पोशाखाची चाचणी घेत, त्यात नखं गेली, ते. पहिल्यांदा राखीव असताना यान वर गेल्यावर त्यांनी काय केलं? तर जो गेला त्याच्या बायकोमुलांना स्वतः गाडीनं घरी सोडलं. इथे शिरीषचा आवाज भरून आला. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. "राखीव राहणं म्हणजे काय असतं," शिरीष म्हणाला, "हे ज्याचं त्यालाच माहीत," आणि टाळ्या पडल्या. त्या पडल्या तसा तो थांबायच्या ऐवजी आणखी चढला. श्रावणीनं चिठ्ठी आणून ठेवली. दाद असेल म्हणून त्यानं ती न वाचताच बाजूला सरकवली. रेवानं एकदा हात वर केला, अर्धाच. तो त्याला दिसला, बरं का. दिसला, आणि झालंच, झालंच, असं मनात म्हणत त्यानं मुतखड्याची हकीकत सुरू केली. बाजूला नोराबाई हसऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. ओहायो आणि ह्यूस्टन हे दोन शब्द आले की मान हलवत होत्या. आपल्या आयुष्यातलं बाकी अक्षरही त्यांना कळत नव्हतं.

त्यानं कागद मिटले तेव्हा दारात एक लाल गालांचा म्हातारा हातात गाडीची किल्ली घेऊन उभा होता.

चार सत्तावन्न. टाळ्याच टाळ्या. बाई उठल्या, सगळ्यांचे आभार मानले, म्हणाल्या की या गृहस्थांनी माझ्याबद्दल इतकं छान सांगितलंय असं तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय की मला भर घालायला काही उरलं नाही. सगळे हसले. मुलांशी बोलायचं मात्र राहिलं, असं त्या म्हणाल्या आणि रांगांवरून नजर फिरवू लागल्या, कुणालातरी शोधत असल्यासारखी. तेवढ्यात विक्रांतनं माइक घेऊन समूहफोटो जाहीर केला. नव्वद माणसं स्टेजवर चढली. उंच मागे, बुटके पुढे, पुन्हा एकदा, डोळे मिटले होते, आणखी एक. रेवाला कुणीतरी पुढच्या रांगेत खाली बसवलं. बाईंच्या पायाशी. फोटोत तिची मूठ दिसते.

पाच वाजून चार मिनिटांनी गाडी गेली.

शिरीष ताडताड चालत आत गेला. हॉलच्या स्वयंपाकघरात विक्रांत चहा गाळत होता. एवढ्या वर्षांचं साचलेलं सगळं शिरीषच्या तोंडून बाहेर पडलं. सहलीचे फोटो, बटाटेवडे, प्रायोजक, तुझं ते मनोगत, पोरांचा एक प्रश्न होऊ दिला नाहीस, लाज वाटायला हवी होती. विक्रांतनं सगळं ऐकून घेतलं. मग श्रावणीचा वेळेचा तक्ता त्याच्यापुढे सरकवला.

"माझं अठरा मिनिटं," तो म्हणाला. "तुझं एकोणीस."

शिरीषनं तक्ता दोनदा वाचला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी गत झाली होती, आणि तीही याच माणसासमोर. त्याला स्वतःचीच अशी शिसारी आली की चहाचा कप तिथेच ठेवून तो बाहेर पडला.

गाडीत ज्ञानदा पुढे, रेवा मागे. हॉल ते घर, दहा मिनिटांचा रस्ता. ओंगारला घरासमोर गाडी थांबली, पण शिरीषनं इंजिन बंद करून हात स्टिअरिंगवरच ठेवले. मी चुकलो, असं तो म्हणाला. बाईंना ईमेल करू, त्या नक्की उत्तर देतील.

रेवा म्हणाली, फायनल पुढच्या रविवारी आहे. त्यांना तुला उत्तर द्यायला दोन महिने लागले होते.

मग तिनं सांगितलं. ईफाचं मनगट दुखावलंय. डॉक्टर शुक्रवारी सांगणार, खेळू शकते की नाही. आणि ते दुखावल्या दिवसापासून रेवा रोज शाळेला जाताना प्रेस उघडून बाप्पाला सांगतेय की ते बरं होऊ नये. ईफा तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. रोज सांगते आणि मग दिवसभर ईफाशी नजर चुकवते. म्हणून तिला त्या बाईंना विचारायचं होतं. त्यांनाही असं वाटायचं का, आणि वाटायचं तर त्याचं काय करायचं?

चार पानं. बाईंची जन्मतारीख, हेलिकॉप्टरचे तास, नकारांची वर्षं, सगळं पाठ. आणि जे विचारायला हवं होतं, ते जिला सुचलं तिला त्यानं दोनदा गप्प बसवलं होतं. एकदा बाई तिच्याशेजारी खुर्च्या मांडत असताना.

"बाबा," रेवा म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली, "विक्रांतकाकांची पाठ धरली होती, तेव्हा तू बॉस होतास ना?"

होता. दोन वर्षांपूर्वी, चार महिने. नऊ वर्षांतले तेवढेच चार महिने तो हसत ऑफिसला गेला होता. ज्ञानदानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. असं नसतं गं बाळा, म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. मागच्या आरशात रेवा त्याच्याकडे बघत होती, आणि खोटं बोलायची त्याला शरम वाटली.

"हो. वाटायचं मला," तो म्हणाला. "रोज वाटायचं. त्याची पाठ बरी होऊ नये."

"मग तू काय केलंस?"

"मी त्याला रोज फोन करून तब्येत विचारायचो," शिरीष म्हणाला. "आणि दुखतंय म्हणाला की बरं वाटायचं मला."

ज्ञानदानं डोळे मिटून घेतले. रेवानं सीटबेल्ट सोडला.

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’, आणि दार उघडून उतरली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती प्रेस उघडताना दिसली. आज ती बाप्पाला काय सांगतेय हे शिरीषला ऐकू आलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. तो गाडीतच बसून राहिला. ज्ञानदानं मागच्या सीटवरची त्याची चार पानं उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.